केवडा बेटाची बिजागरी

माझे आबा पश्चिमेच्या समुद्राशी बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे भावकीत बोलत नाहीत तसं. त्या बाजूला जायची वेळ आलीच तर मान खाली घालून जातात, आणि काम उरकलं की पाठ फिरवून परत येतात.

भांडणाचं कारण साधं आहे. आमची मूळ वाडी सिंधुदुर्गातली, एका खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर वसलेली. समुद्र ती पट्टी दर पावसाळ्यात थोडी थोडी कुरतडत होता. मी पाच वर्षांची असताना एका उधाणात उरलेली विहीर, माडांची शेवटची रांग आणि आमचं घर गेलं. मग सरकारने वाडीला अंदमानातल्या केवडा बेटावर जागा देऊ केली. बेट उत्तर-दक्षिण लांबट, मधोमध डोंगराची धार. पश्चिमेला मोकळी सपाट जमीन होती, होड्या लावायला चांगली खोबण होती. पूर्वेला चिंचोळा किनारा आणि कांदळवन. आबांनी पूर्व निवडली.

"जेना माजा घर खाल्ल्यान, तेचा तोंड परत बघूचा नाय," ते म्हणाले होते.

"अवो, तो समुद्र येगळो, ह्यो येगळो," आईने समजावून पाहिलं.

"दिशा तीच मगे," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

सगळ्या वाडीने त्यांचं ऐकलं, कारण गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आमच्यात होडी पाण्यात लोटायची असो, विहीर खणायची असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, आधी नारळ ठेवून देवाला सगळी हकिकत सांगायची, त्याच्याकडे मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय कुदळ उचलायची नाही. गाऱ्हाणं घालणारा दिगंबर तांडेल पूर्वेला निघाला म्हटल्यावर वाडी काय पश्चिमेला जाणार? म्हातारी माणसं मात्र पुढे कित्येक वर्षं गोंधळत राहिली. जन्मभर समुद्रात सूर्य बुडताना बघितलेला, आणि इथे तो समुद्रातून उगवायचा. नारळी पौर्णिमेचा नारळही आम्ही उगवतीला तोंड करून सोडू लागलो.

अशा माणसाची मी एकुलती एक मुलगी, अनघा. आणि माझी नोकरी काय, तर त्याच पश्चिमेच्या समुद्राच्या तळाखाली काय चाललंय ते कान देऊन ऐकायची. आबा कोणाला सांगताना 'ती सरकारी हपिसात आसा' एवढंच सांगत.

हे ऐकणं काय असतं ते सांगते. आपल्या पायाखालची जमीन एकसंध नाही, तिचे प्रचंड तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने सरकतोय. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. भारताचा पट्ट अंदमानच्या पश्चिमेला समुद्रतळावरच्या एका खोल चरापाशी येतो, आणि तिथून वाकून आमच्या बेटाच्या पट्टाखाली शिरतो. वर्षाला जेमतेम दोन बोटं. एवढंसं सरकणं निमूटपणे झालं असतं तर कोणाचीच तक्रार नव्हती. पण दोन्ही पट्टांच्या कडा एकमेकींत अडकतात. खालचा पट्ट जातच राहतो, आणि अडकलेल्या वरच्या पट्टाची कड स्वतःबरोबर खाली ओढत नेतो. शे-दोनशे वर्षं ही ओढ साठते. मग एके दिवशी अडकण सुटते, दाबलेली कड एका झटक्यात उसळते, आणि तिच्याबरोबर तिच्यावरचा समुद्रही. २००४ साली सुमात्रापासून अंदमानापर्यंत हेच झालं होतं. त्या वेळी आमच्या बेटाखालचा तुकडा मात्र सुटला नव्हता. आजूबाजूचे सुटले म्हणून त्याच्यावर ताण उलट वाढलाच.

लोक विचारतात, मग छोटे छोटे भूकंप करून तो ताण काढून का टाकत नाही? हिशेब जमत नाही. भूकंपमापनाच्या पट्टीवर एक पायरी वर गेलं की शक्ती तीसएक पटींनी वाढते, दोन पायऱ्यांनी हजार पटींनी. एका महाभूकंपाची भरपाई करायला शहर हलवतील असे हजार भूकंप करावे लागतील. दुखण्यापेक्षा औषध जालीम.

वाट सापडली ती मंद भूकंपांमुळे. अडकलेल्या भागाच्या आणखी खाली, जिथे खडक उष्णतेने थोडे नरमलेले असतात, तिथे पट्ट अधूनमधून आपणहून सरकतात. पण कसे, तर आठवडेच्या आठवडे घेऊन. वर चहाच्या कपातला चहासुद्धा हलत नाही. आमच्या बेटाखाली असं दर सातेक वर्षांनी होतं. भेगेतल्या खडकांच्या फटींमध्ये कोंडलेलं पाणी त्याला मदत करतं. पाण्याचा दाब वाढला की खडकांची एकमेकांवरची पकड सैल पडते. आमच्या प्रमुख डॉ. वेन्निला यांनी अर्धं आयुष्य खर्चून दाखवून दिलं, की खोल विहिरींची एक रांग घेऊन हा दाब नेमक्या जागी, नेमका तेवढाच वाढवला तर तळातलं मंद सरकणं वरच्या अडकलेल्या भागातही वळवता येतं. ढकलायचं नाही, फक्त वाट करून द्यायची. जो झटका काही मिनिटांत बसला असता तो तीन महिन्यांत पसरवायचा. समुद्राला पत्ताही लागणार नाही.

यात एकच गोष्ट वाईट होती, आणि ती नेमकी आमच्या अंगणात होती.

*

घरी सांगितलं ते जेवताना. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी माडाच्या झावळीतला एक लांब हीर आणला, त्याचं एक टोक उंबऱ्यावर दाबून धरलं आणि दुसरं टोक बोटाने खाली वाकवलं. हीर मध्ये फुगून वर आला.

"ह्या वाकलला टोक म्हणजे पश्चिमेचो किनारो," मी म्हटलं. "खालचो पट्ट तेका दाबून धरता. आणि हो फुगवटो म्हणजे आपली वाडी. आता टोक सोडलंय तर काय होतला बघा."

मी बोट हळूच काढलं. टोक वर आलं, फुगवटा खाली बसला.

"म्हणजे आमी खाली जातलंव," आबा म्हणाले.

"व्हय. कमरेइतक्या."

"आणि पश्चिम?"

"ती वर येतली. तितकीच, वायच जास्तच."

दोन्हीच्या मध्ये डोंगराच्या धारेजवळून एक रेघ जाते, जी वरही जाणार नव्हती आणि खालीही. आम्ही हपिसात तिला बिजागरी म्हणायचो. दार उघडलं तरी बिजागरी जागची हलत नाही, तशी. गेली चार वर्षं ती रेघ शोधून नकाशावर पक्की करायचं काम माझ्याकडेच होतं. म्हणजे आमची वाडी कुठल्या बाजूला पडते हे मला बाकी सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि मी चार वर्षं गप्प बसले होते. आबांनी ते विचारलं नाही, पण त्यांना ते कळलं हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "हसता तो माका," ते म्हणाले. 'तो' म्हणजे कोण ते आम्हाला सांगायला नको होतं.

"मी तेवाच सांगी होतंय," आई म्हणाली.

"तू वायच गप रव." मग माझ्याकडे वळून, "आणि हा सगळा केल्यान नाय तर?"

"तर ता कधीतरी आपणहून सुटतला. आज, नायतर तीस वर्सांनी. तेवा वाडी तर जातलीच, आणि पाणी पार तामिळनाडूपर्यंत, लंकेपर्यंत जातला. लाखो माणसां आसत थंय."

"माका नाय म्हायत तुजी लाखो माणसां. माका ही बावीस घरां म्हायत आसत. एकदा मी तेंका उठवन हंय हाडलंय. आता परत सांगू, उठा म्हणान?" त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला. "तू तेंच्यातली काय आमच्यातली, ता एकदा ठरव."

कायद्याने वाडीची संमती हवी होती. गावकी बसली आणि दोन वाक्यांत उठली. दिगंबरने गाऱ्हाणं घातलं तर आम्ही तयार, नाही घातलं तर नाही. आणि आबा म्हणाले, नाही घालणार. त्या दिवसापासून ते माझ्याशीही बोलेनासे झाले. एवढ्या मोठ्या समुद्राच्या पंगतीला माझं पान मांडलं गेलं. आता हे गमतीत लिहितेय, तेव्हा हपिसात जाताना रोज रडत जायची.

*

त्याच महिन्यात तळातलं मंद सरकणं सुरू झालं. माझ्या कानांनी ते पहिल्यांदा पकडलं याचा मला आनंद व्हायला हवा होता.

"ही खेप गेली तर पुढची सात वर्षांनी," वेन्निला मॅडम म्हणाल्या. त्या हिंदीत बोलत, बेटावर सगळेच बोलतात तशी. "सात वर्षं तो तुकडा थांबेल असं मी कोणाला सांगू शकत नाही. पण तुझ्या वडिलांवर जबरदस्ती होणार नाही. तसं करायचं असेल तर मी विहिरी बंद करीन."

शेवटी आईनेच काहीतरी केलं. काय केलं ते तिने कधी सांगितलं नाही. पण एका सकाळी आबा डोंगरावरच्या आमच्या केंद्रात येऊन उभे राहिले, धोतराचा काचा मारलेला आणि खांद्यावर होडीचं वल्हं.

"आयकूक इलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कोण आसा खालती ता तरी कळांदे."

वल्हं कशाला ते मला ठाऊक होतं. घोळ मासा पाण्याखाली घुमतो. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावला की तो ऐकू येतो. आबा असेच मासे शोधत आले. त्यांनी वल्हं विहिरीच्या पोलादी तोंडावर टेकवलं, दांड्याला कान लावला आणि डोळे मिटले. 

"पंप वाजता," ते शेवटी म्हणाले. "आणि कोणतरी आत चाय गाळता हा."

मग त्यांनी मुकाट्याने हेडफोन घातला.

विहिरीत आठ किलोमीटर खोलवर काचेची तार सोडलेली आहे. तशीच तार समुद्रतळावरून चरापर्यंत जाते. तार कुठेही केसाएवढी ताणली गेली तरी तिच्यातून जाणारा उजेड बदलतो, आणि त्या बदलाचा आम्ही आवाज करतो. पट्टांचा आवाज माणसाच्या कानासाठी फारच धिमा असतो, म्हणून एक अख्खा दिवस अर्ध्या मिनिटात दाबून ऐकवतो. आधी मी आबांना तळातलं सरकणं ऐकवलं. एक लांबलचक, जाड कुरकुर, ओल्या रेतीवरून भरलेली होडी ओढत न्यावी तशी. थांबत नाही, घाई करत नाही. मी हा आवाज हजार वेळा ऐकला असेन, पण दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. अख्खा देश, त्याचे डोंगर, नद्या, शहरं, शेतं, सगळं पाठीवर घेऊन तो चाललाय. त्याला कुठे पोचायचं नाही आणि कोणासाठी थांबायचं नाही.

आबांचा हात वल्ह्यावर घट्ट झाला. "किती मोठो आसा हो?" त्यांनी विचारलं.

"हंयसून हिमालयापर्यंत."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग मी तारेचा वरच्या भागातला आवाज लावला, जिथे अडकण आहे.  चहूबाजूंनी कुरकुर येत होती आणि मधोमध एक भलीमोठी, गच्च शांतता होती.

"हंय गप आसा," आबा म्हणाले.

"तोच तो. थंयच अडाकला हा."

आबांनी हेडफोन काढला.  वेन्निला मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर आबांनी आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना विचारलं, की तुमचं गाव कुठलं.

"नागपट्टिनमजवळ."

"दर्याकाठी?"

"होतं."  गेल्या दहा वर्षांत मी मॅडमच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. "मी सहा वर्षांची होते. सकाळची वेळ. समुद्र आधी खूप मागे गेला, तेव्हा आम्ही पोरं शिंपल्या वेचायला धावलो. आजोबांना काहीतरी चुकतंय ते समजलं. त्यांनी मला खांद्यावर घेऊन एका माडावर चढवलं. स्वतः चढायला त्यांना वेळ मिळाला नाही."

 आबा मालवणीतच म्हणाले, "तुमका पण कोणी इचारूक नाय."

मी हिंदीत सांगितलं. मॅडमनी मान हलवली. नाही, कोणी विचारलं नव्हतं.

उतरताना आबा वल्हं टेकत टेकत चालले. अर्ध्या वाटेवर त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदा मला हाक मारली.

"अनू, हो कधीपासून चलता हा?"

"कोट्यवधी वर्सां झाली. आदी आपली जमीन पार दक्षिणेक होती, आफ्रिकेक चिकटान. थंयसून सुटली, अख्खो समुद्र वलांडल्यान, आणि हंय येवन थडाकली. तेच्यानच हिमालय वर इलो. आजून थांबाक नाय."

आबा उभे राहिले. खाली झाडांमधून आमच्या वाडीची कौलं दिसत होती.

"म्हणजे ती पण वाडी हलवनच इली म्हणायची," ते म्हणाले. 

*

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी घरोघरी निरोप धाडला. किनाऱ्यावर राखणदाराचा, वाडी सांभाळणाऱ्या देवाचा, पाषाण आहे; जुन्या वाडीतून आणलेली ती एकच गोष्ट. बावीस घरं तिथे जमली. मॅडमही आल्या आणि चपला काढून मागे उभ्या राहिल्या. आबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, तू आमच्या वांगडा समुद्र वलांडून इलंस…"

"व्हय म्हाराजा."

"आज आमका परत एकदा उठूचा लागता हा. पयल्या वक्ताक आमका कोणी इचारूक नाय. ह्या वक्ताक आमच्याच चेडवान येवन इचारल्यान. म्हणान आमी हां म्हणतंव…"

"व्हय म्हाराजा."

"ज्या काय खालती अडाकला हा, ता सावकाश सुटांदे. हंयच्या माणसांक, पल्याडच्या माणसांक, ज्येंची नावां आमका ठावक नाय तेंका सुद्दा, कोणाक धको लागाक नको…"

"व्हय म्हाराजा."

"आणि तू हंयच रव. आमी उठतंव, पण तू उठू नको. पाण्याखाली जा आणि तेच्यार नजर ठेव, रे म्हाराजा."

या शेवटच्या वाक्याची कोणालाच कल्पना नव्हती.  तरी सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मॅडमचा आवाज एक क्षण मागून आला, आणि एरवी अशा वेळी फिदीफिदी हसणाऱ्या बायकांपैकी एकही हसली नाही.

विहिरींचे पंप दुसऱ्या दिवशी सुरू झाले.

*

त्यानंतर जे झालं ते झालं असं म्हणायलाही जीभ वळत नाही, कारण होताना काहीच दिसत नव्हतं. आवाज नाही, हादरा नाही. फक्त माझ्या हेडफोनमधली ती मधली शांतता कडेकडेने पातळ होत गेली. जिथे दोनशे वर्षं काही हललं नव्हतं तिथे पहिली बारीक कुरकुर ऐकली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का ते सांगता येणार नाही. कोणी मोठं माणूस खोलीत आल्यासारखं वाटलं.

वाडीत आधी विहिरीचं पाणी मचूळ लागलं. मग भरतीचं पाणी माडांच्या बुंध्यांशी येऊन थांबू लागलं, पुढच्या अमावस्येला अंगणात आलं. तोवर सगळी घरं रिकामी करून आम्ही डोंगराच्या वरच्या उतारावर, बिजागरीच्या रेघेवर तात्पुरत्या झोपड्या उभारल्या होत्या. आई तुळस कुंडीत घालून घेऊन आली आणि रोज ओहोटीला जुन्या घरी जाऊन ओटा झाडून यायची. पाण्याखाली जाणारा ओटा कशाला झाडतेस, असं मी एकदा विचारलं. "जाताना तरी नीट जांदे," ती म्हणाली.  हे माझ्या नकाशाने केलं होतं, आणि ते बरोबर होतं तरी केलं मीच होतं.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका दुपारी सरकण्याचा वेग एकदम चौपट झाला. पडद्यावरची रेघ उभी चढू लागली. पंप थांबवले तर दाब विस्कटून अडकण तिथेच फुटण्याची भीती होती, चालू ठेवले तर वेग आणखी वाढण्याची. मॅडमचा हात झडपेवर होता. त्यांनी पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं.

"अनघा, काय ऐकू येतंय?"

खडक मोडू लागला तर आवाज तडतडतो, वाळलेली लाकडं पेटावीत तसा. मी शेवटचा तास पुन्हा पुन्हा लावला आणि डोळे मिटले. कुरकुर वाढली होती, जाड झाली होती, पोटात जाणवत होती. तिच्यात तडतड शोधत मी कान दुखेपर्यंत ऐकलं. माझी चूक झाली तर किती किनारे बुडतील याचा विचार मनात आला, आणि तो मी मोठ्या कष्टाने बाजूला सारला.

"मोडत नाहीये," मी म्हटलं. "सरकतंय. फक्त घाईत आहे."

मॅडमनी झडपेवरचा हात काढला. संध्याकाळी रेघ वळली आणि हळूहळू पुन्हा आडवी झाली. मी बाहेर आले तर आबा दारातच वल्हं घेऊन बसलेले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. माझा चेहरा बघून त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

*

तीन महिने संपले. चेन्नईच्या, नागपट्टिनमच्या, लंकेच्या किनाऱ्यांवर त्या तीन महिन्यांत काहीच झालं नाही. मासळीबाजार भरले, शाळा सुटल्या, पोरं पाण्यात खेळली. आपल्यावरून काय टळलं हे त्यांना जाणवलंही नाही.

इकडे आमच्या वाडीची जागा आता उथळ समुद्र होती. मोठ्या ओहोटीला राखणदाराच्या पाषाणाचा माथा तेवढा दिसायचा. नवी वाडी कुठे वसवायची ते आबांनी अजून सांगितलं नव्हतं, आणि ते सांगेपर्यंत कोणी विचारणारही नव्हतं. नारळी पौर्णिमेच्या दिवशी ते सकाळी उठले, नारळ घेतला आणि डोंगर चढू लागले. पश्चिमेकडे. वाडी त्यांच्या मागे निघाली.

धारेवरून पलीकडे बघितलं आणि सगळे जागच्या जागी थांबले. मला आकडे माहीत होते, नकाशे माझेच होते, तरी माझेही पाय थांबले. पूर्वी जिथे निळं पाणी किनाऱ्याला लागायचं तिथे आता समुद्राचा तळ उन्हात पडला होता. नजर पोचेल तिथवर प्रवाळ, फांद्यांसारखं, पंख्यांसारखं, मेंदूसारख्या वळ्यांचं. अजून कुठे कुठे जांभळं, बाकी सगळं मरून पांढरं पडलेलं. खळग्यांमधल्या पाण्यात मासे अडकले होते. मेलेल्या प्रवाळाचा कुबट वास वर येत होता, आणि त्या वासासकट ते दृश्य इतकं अफाट होतं की जगाचा पहिला दिवस असाच असेल असं वाटलं. त्यासाठी जे मेलं त्याचं वाईटही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि मी दोन्ही वाटू दिलं.

आबा खाली उतरले. जपून पाय टाकत त्या नव्या जमिनीवरून पाण्यापर्यंत गेले. सत्तावीस वर्षांनी त्यांनी मान वर करून त्या समुद्राकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले आणि नारळ माझ्या हातात दिला.

"हंय वसूया. तू गाऱ्हाणा घाल."

"मी?" आमच्यात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. मागच्या माणसांमध्ये चुळबुळ झाली. "आबा, तुमी आसताना मी कशी?"

"माजा तेच्याशी बोलणा नाय," ते म्हणाले. "तू बोल."

आणि ते मागे जाऊन बाकीच्यांमध्ये उभे राहिले. मी नारळ ओल्या प्रवाळावर ठेवला. 

"बा समुद्रा म्हाराजा," मी सुरू केलं, "तू आमचा एक घर घेतलंस. दुसरा आमीच दिलंव. आज तुज्याच तळार उभी रवन, तुज्याकडे तिसरा मागतंय…"

मागून काहीच आलं नाही. सगळे आबांकडे बघत असणार. लाटा फुटण्याचा आवाज येत होता. मी मागे वळले नाही, तसंच पुढे म्हटलं.

"खालचो पट्ट आजून चलता हा. तो परत अडाकतलो, आणि दोन-अडीचशे वर्सांनी परत सुटूक बघतलो. तेवा जो कोण आमच्या पोरांक इचारूक येयत, तेंका हां म्हणूची ताकद दी, रे म्हाराजा…"

पुन्हा थोडा वेळ फक्त लाटा. मग माझ्या पाठीमागून, घसा खाकरून, एकच जाडाभरडा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

तो आबांचा होता. त्याच्यामागून सगळी वाडी बोलली.